मिठागरात उतरलेली गाडी

माझी गाडी एवढी उंच का, असं मला विचारू नका. विचारलंत तर सांगेन, आणि मग पूर्ण ऐकून घ्यावं लागेल. पूनम सागरला, मी राहते तिथे, आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी एकदा लिफ्टजवळ विचारून बसले. हातात दुधाची पिशवी होती बिचाऱ्यांच्या. वर जाईपर्यंत दूध फाटलं असणार.

गाडी जुनी आहे हे मला माहीत आहे. स्टेशन वॅगन, म्हणजे मागे डिकीच्या जागी अख्खी खोली. अशा लांब, अरुंद गाड्या आता कोणी घेत नाही. मी हळदी-साखरपुड्याच्या जेवणाच्या ऑर्डरी घेते. मागची सीट पाडली की भाताचे दोन टोप, मटणाचा एक आणि वर झारे-पळ्यांची गोणी आरामात बसते. पंधरा वर्षं झाली तेव्हा मी तिचं पासिंग रीतसर करून घेतलं. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, दर गणपतीत तिच्याकडे बघून म्हणतो, भंगारात दे. मी दर गणपतीत त्याला म्हणते, आधी तू जा. त्याची स्वतःची गाडी नवी, पांढरी, एवढी रुंद की खारी गावातल्या आमच्या गल्लीत शिरली की समोरच्याने गटारावर चढून उभं राहायचं.

आमचं मूळ घर खारीला. आई तिथेच खाली राहते, वर दादाचं कुटुंब. आम्ही मिठागरातली माणसं. माझ्या आईने लग्न झाल्यापासून मीठ काढणं बंद होईपर्यंत डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या. आता तिथे कोणी मीठ काढत नाही. वाफे कोरडे पडलेत, बांधांवर गवत माजलंय, आणि आमच्या पोरांना मिठागर म्हणजे खिडकीतून दिसणारी मोकळी जागा एवढंच माहीत आहे.

पण आमच्या घरात एक रीत होती. दिवाळीनंतरच्या पुनवेच्या उधाणाला घरातली सगळ्यात मोठी बाई बांधाच्या पार टोकाला जायची, आणि जिथून खाडीचं पाणी आत घेतात तिथे जुन्या हंगामातलं मूठभर मीठ पाण्यात सोडायची. आधी द्यायचं, मग घ्यायचं. ते होईपर्यंत त्या बाईने मीठ खायचं नाही. पूर्वी हा सकाळच्या दोन-चार तासांचा मामला असायचा. मीठ काढणं थांबलं तरी आई जात राहिली. खाल्ल्या मिठाला जागायला हंगाम कशाला पाहिजे, असं तिचं म्हणणं.

मग तिचे गुडघे गेले. दोन वर्षं ती गेलीच नाही. आम्ही सगळ्यांनी, मी धरून, सोयीस्करपणे तो विषय सोडून दिला. यंदा पुनवेच्या सकाळी तिने चहा घेतला आणि शांतपणे सांगितलं की बांधावर जाऊन येईपर्यंत आता ती मीठ खाणार नाही.

आम्हाला वाटलं दोन दिवसांचा हट्ट. आई पेज प्यायची, कोरडी भाकरी दुधात कुस्करून खायची, उकडलेला बटाटा नुसता गिळायची. मी, जिच्या हातच्या रश्श्याला गावभर माणसं बोटं चाटतात, ती रोज पूनम सागरहून खारीला येऊन तिच्यासमोर डबे उघडायची आणि तसेच बंद करून न्यायची. विनवलं, रागावले, एकदा तर भाजीत चोरून मीठ टाकलं. तिने पहिला घास जिभेवर ठेवला आणि ताट सरकवलं. त्यानंतर तीन दिवस माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिने मला माझ्या मेलेल्या मावशीच्या नावाने हाक मारली. मी म्हटलं, आये, मी आहे. तिने माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसं पाहिलं. तसंच उचलून भाईंदरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं सोडियम फार खाली गेलंय; आधीच बीपीची गोळी, त्यात मीठ बंद, या वयात हे जिवावर बेततं. सलाइन लावून तिला शुद्धीवर आणलं, घरी सोडताना मिठाच्या कॅप्सूल दिल्या. चार दिवसांनी उशीचा अभ्रा बदलताना मला आत सगळ्या कॅप्सूल सापडल्या. एकही कमी नव्हती.

तेव्हा दादाचं डोकं चाललं. तो खाडीचं पाणी बाटलीत भरून घेऊन आला. बादलीत ओत, मीठ सोड, संपलं काम. आईने ती बाटली मोरीत रिकामी केली. मग तो म्हणाला, खुर्चीवर बसवून चार माणसांकडून उचलून नेऊ. त्यावर आई जे बोलली ते माझ्या कानातून अजून गेलेलं नाही.

“चौघांनी उचलायची येल आली का उचला. तवर मी माजे पायानं जाईन.”

बांधाच्या टोकापर्यंत गाडीने जायचं आणि पुढची पावलं स्वतः चालायची, एवढ्यालाच ती राजी होती. मोटरसायकलवर ती बसू शकत नव्हती. दादाच्या गाडीत बसवून न्यावं, तर गाडी बांधापेक्षा रुंद. आणि खरं सांगायचं तर त्याला तिचा रंग खारट चिखलात घालायचा नव्हता. तो म्हणालाही तसं, बॉडी सडते म्हणे. आई सडली तरी चालेल! मी भाड्याची जीप आणली, तिचा ड्रायव्हर बांध बघून तिथूनच परत फिरला. राहिली माझी वॅगन. ती अरुंद होती, हलकी होती, बांधावर बरोब्बर मावत होती. फक्त बुटकी होती.

पहिल्यांदा नेली तेव्हा शंभर पावलांत पोट टेकलं. बांधावर चाकोऱ्या खोल गेलेल्या आणि मधला उंचवटा कडक वाळलेला. खालून पत्रा फाटल्यासारखा आवाज आला. रिव्हर्स घेत घेत बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी मी चालत गेले. हातात बांबूची काठी, आणि प्रत्येक उंचवट्यापाशी बसून वितेने मोजत गेले. सगळ्यात उंच उंचवटा वीतभराहून जरा जास्त; त्याची काठीवर खूण केली. माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून वीतभराहून जरा कमी. तेवढ्या फरकासाठी माझी आई मरणार होती. ते मी होऊ देणार नव्हते, मग गाडीचं काही का होईना.

घोडबंदरच्या रस्त्याला एक गॅरेजवाला आहे, डोंगरात फिरणाऱ्या पोरांच्या जीपा उंच करून देतो. त्याच्यापुढे मी वॅगन उभी केली आणि काठीवरची खूण दाखवली. तो आधी गाडीकडे बघून हसला, मग काठीकडे बघून हसला. पुढच्या आठवड्यात या म्हणाला. मी गाडी त्याच्या गेटात आडवी लावली, मागून जेवणावळीची प्लास्टिकची खुर्ची काढली आणि बसले. त्याच्या दोन जीपा आत अडकल्या. दुपारी तो टेप घेऊन बाहेर आला.

काय करायचं ते त्याने मला नीट समजावलं, आणि मीही प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली. रस्ता आणि चिखल दोन्हीकडे चालणारी, जाड नक्षीची ऑल-टेरेन टायरं, जुन्यापेक्षा एक नंबर मोठी. त्यांनी पाऊण इंच मिळेल. स्प्रिंगच्या वर कडक पॅकिंग. त्याने दीड इंच. खाली इंजिनला लोखंडी पत्रा. चाक पूर्ण वळवलं की आतल्या प्लास्टिकला घासेल, ते थोडं कापावं लागेल. मी म्हटलं, मग तीन इंचच उचल ना, झंझट नको. त्याने मान हलवली. त्याच्या वर गेलं तर चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचा कोन बिघडतो, गाडी वळणावर झुकते, आणि तुम्ही टोप घेऊन फिरता.

“मॅडम, गाडी उंची करेगा,” तो म्हणाला, “हाथी नहीं बनायेगा.”

दोन दिवस लागले. दोन्ही दिवस मी तिथेच खुर्ची टाकून बसले. जुने शॉक ॲब्सॉर्बर निघता निघत नव्हते, एक नट तर गॅसने तापवून कापला. शेवटी अलाइनमेंट करून गाडी बाहेर आली तेव्हा मी गुडघ्यावर बसून तिच्या पोटाखाली काठी घातली. खूण पार झाली आणि वर दोन बोटं उरली. मी त्या गॅरेजवाल्याच्या पाठीत धपाटा घातला. घरी येताना हायवेवर नवी टायरं घूं घूं करत होती, सिग्नलला रिक्षावाले वाकून बघत होते. बघा म्हटलं. बाईमाणसाने बघण्यासारखं काही केलं की बघायचंच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीची वेळ बघून खारीला गेले. आई नऊवारी नेसून, अंघोळ करून दारात तयार. दिवसेंदिवस सुकत चाललेली, गालाची हाडं वर आलेली. तिने पदराला जुन्या बरणीतलं मीठ बांधून घेतलं होतं. मी ऐटीत गाडीचा दरवाजा उघडला. आईने काठी टेकली, एक पाय उचलला. पाय दाराच्या चौकटीपर्यंत पोचला नाही. तिने पुन्हा उचलला. गुडघा तेवढा वाकेचना.

मी बांध मोजला होता. गाडीचं पोट मोजलं होतं. आईचा गुडघा मोजायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. जिच्यासाठी गाडी उंच केली तिलाच ती चढता येत नव्हती, आणि वर गॅलरीत दादा चहाचा कप घेऊन उभा होता. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं, मला भांडायला मिळालं असतं. मला रडू येत होतं आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी गाडीकडे तोंड करून उभी राहिले.

आई मात्र घराकडे बघत होती. आमच्या घराला अजून जुना ओटा आहे, गुडघ्याएवढा, मागच्या बाजूने तीन बारक्या पायऱ्यांचा. तिने काठीने तिकडे दाखवलं. “गारी ओट्याला लाव. बैलगारीत कशे बसायचो आमी?”

ओट्यासमोर दादाची पांढरी गाडी उभी होती. मी वर बघितलं. दादाने कप कठड्यावर ठेवला, चपला न घालता खाली आला आणि मुकाट्याने आपली गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत मागे घेतली. मी वॅगन ओट्याला चिकटवून लावली. आई एकेक बारकी पायरी चढून ओट्यावर गेली आणि ओसरीतून माजघरात जावं तशी सीटवर सरकली. मी इंजिन चालू करते तोच मागचा दरवाजा उघडला. दादा होता. बूट घालून आला होता, लग्नात घालतो ते पांढरे. मागे भाताच्या टोपांच्या जागी मांडी घालून बसला.

बांधावर मी पहिला गिअर सोडलाच नाही. टायरं चाकोऱ्यांच्या कडा धरून चढत होती, मधलं गवत पोटाला घासून जात होतं, पण पोट कुठेही टेकलं नाही. जिथे पहिल्यांदा अडकले होते ती जागा आली तेव्हा मी गाडी इंच-इंच पुढे घेतली. काही झालं नाही. दादा मागून म्हणाला, गेली. एवढंच. आई काचेला नाक लावून एकेक वाफा बघत होती आणि ओठांत मोजत होती.

बांध संपला, मी ब्रेक लावला, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. इथे ओटा नाही. चढवली खरी, आता उतरवायची कशी? एकाच सकाळी तीच चूक दुसऱ्यांदा करणारी माणसं आमच्याच घरात निपजतात. खाडीचं पाणी वीस पावलांवर दिसत होतं. दादा म्हणाला, आये, मी धरतो, एक सेकंद फक्त. आईने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तिने मला दहा पावलं मागे घ्यायला लावली, आणि उजव्या बाजूला, जिथे बांध खचून उतार झाला होता, तिथून गाडी खाली वाफ्यात घालायला सांगितली. वाफा बांधाहून हातभर खाली. खाली जाऊन बांधाला चिकटून उभी राहिली की गाडीची चौकट आणि बांधाचा माथा एका पातळीवर येणार होते. बांधच ओटा होणार होता.

मी साफ नाही म्हटलं. खाजणाचा, खाडीकाठच्या दलदलीचा, चिखल मला माहीत आहे. वरून वाळलेला दिसतो आणि आत बैल गिळतो. गाडी रुतली की भरतीआधी निघायची नाही, आणि आई आत.

“घाल खाली, बाय,” आई म्हणाली. “ह्यो वाफा मी चोपलाय.”

मीठ धरायच्या आधी वाफ्याची जमीन पायांनी चोपावी लागते. दहा-बारा बायका एकमेकींच्या कमरेत हात घालून, ओल्या चिखलावर दिवसचे दिवस नाचतात, पाणी झिरपणार नाही इतकी जमीन घट्ट होईपर्यंत. लहानपणी मी ते बघितलं होतं, पण कुठला वाफा कोणी चोपला हे काय मला आठवणार! आईला आठवत होतं. शेजारचे दोन वाफे दुसऱ्यांचे, ते पोकळ, तिकडे चाक नेऊ नकोस, असंही तिने बजावलं. मी गुडघा विसरले होते, ती चाळीस वर्षांपूर्वीची टाच विसरली नव्हती.

दादा मागून उतरला. पांढरे बूट घालून वाफ्यात गेला आणि जिथून गाडी जाणार तिथे पाय आपटत चालू लागला. उतारापासून बांधाच्या टोकापर्यंत, मग परत. लठ्ठ माणूस, बँकेतून रिटायर झालेला, धापा टाकत नाचत होता. त्याची टाच कुठेच आत गेली नाही. त्याने मला हात केला.

उतारावर गाडी इतकी तिरकी झाली की आईने दरवाजाची कडी धरली. मागचं चाक एकदा घसरलं, टायरची नक्षी मातीत रुतली, आणि मग धरली. खाली जमीन खरोखर फरशीसारखी होती. मी हळूहळू बांधाला चिकटवून गाडी उभी केली आणि दादाने बाहेरून दरवाजा उघडला. चौकट आणि बांध यांच्यात वीतभरही अंतर नव्हतं. आईने काठी बांधावर टेकली आणि पाय टाकला. स्वतःचा पाय, स्वतःच्या बांधावर. कोणी तिला हात लावला नाही.

पाण्यापर्यंतची वीस पावलं चालायला तिला बराच वेळ लागला. तिथे पोचल्यावर तिने पदराची गाठ सोडली, मीठ मुठीत घेतलं आणि काही तरी पुटपुटत पाण्यात सोडलं. काय पुटपुटली ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही. नंतर ती बांधावर पाय पसरून बसली आणि म्हणाली, भूक लागली.

मी भाकरी आणि सुकटाची चटणी आणली होती. चटणीत मीठ मी भीत भीत चिमूटभरच टाकलं होतं. पुन्हा तिने ताट सरकवलं तर काय करायचं हे मला माहीत नव्हतं. आईने भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला, तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली. मी तिच्या घशाकडे बघत होते. तिने गिळला.

“मीठ कमी हाय,” ती म्हणाली.

वीस वर्षं झाली मला लोकांना जेवू घालताना, हे वाक्य मला कोणी ऐकवलं नव्हतं. मी तिच्यावर ओरडणार होते. एक महिना जीव टांगणीला लावलास, आणि आता मीठ कमी! पण तोंड उघडलं तर रडूच आलं, मोठ्याने, लहान पोरीसारखं. अख्ख्या गाडीत मिठाचा एक खडा नव्हता. मी, स्वयंपाकीण, मीठ विसरून आले होते.

दादा वाफ्यात उभा होता. तो वाकला. बांधाच्या सावलीच्या कोपऱ्यात, आत शिरलेलं खाडीचं पाणी वाळून पांढरा थर धरला होता. त्याने तो नखाने खरवडला, फुंकर मारून माती उडवली आणि ओंजळ आईपुढे धरली. ते स्वच्छ होतं की नाही देव जाणे. डॉक्टरने बघितलं असतं तर आम्हा दोघांना बाहेर काढलं असतं. आईने त्यातली चिमूट उचलली, भाकरीवर चोळली, एक घास खाल्ला आणि दुसरा मोडून दादाच्या तोंडाशी नेला. तिसरा माझ्या. मग कोणाकडेही न बघता ती पोटभर जेवली.